शस्त्राची हमी कोणी द्यायची?

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यात असलेले काष्टी हे गाव शनिवारच्या बैलबाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. भीमा आणि घोड या नद्यांच्या आश्रयाने ऊस पिकविणारा हा टापू. बैलबाजारात वस्तूची पारख कशी होते, हे पाहण्यासारखे असते. गिऱ्हाईक आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. बैल आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, हे दातांवरून ठरते. मग त्याला चालवून पाहिले जाते, खूर आणि खांदा हाताने चाचपला जातो. मारकेपणाची वा बसण्याची खोड आहे काय, हे विकणाऱ्याला तोंडावर विचारले जाते. उत्तर देणारा माणूस समोर उभा असतो, त्याचे गाव ठाऊक असते आणि पुढल्या शनिवारी तो पुन्हा त्याच बाजारात येणार असतो. ही त्या व्यवहारातील खरी हमी होय.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या हमीला नियमाचे रूप दिले होते. याज्ञवल्क्य स्मृतीत खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा करून ती परत करण्याच्या मुदती सांगितल्या आहेत. बियाण्यासाठी १० दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी ५ दिवस, दुभत्या जनावरासाठी ३ दिवस, रत्नांसाठी ७ दिवस आणि लोखंडासाठी १ दिवस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही व्यवहार फिरविण्यासाठी व्यापाऱ्याला १ रात्र, शेतकऱ्याला ३ रात्री आणि गोपालकाला ५ रात्री दिल्या आहेत. त्या काळातील सर्वच व्यवस्था आज स्वीकारार्ह नाहीत. परंतु वस्तूचा दोष उघड व्हायला जितका काळ लागतो तितकी परीक्षेची मुदत असावी, हे या नियमांमागचे सूत्र आजही तितकेच शहाणपणाचे आहे.

मात्र लोखंड बदलले आहे. कोयता किंवा नांगराचा फाळ खोटा निघाला तर एका दिवसात कळते. आजच्या लोखंडाच्या पोटात स्प्रिंगा, खिट्ट्या, विद्युत्‌मंडले आणि संगणकीय आज्ञावली असतात. त्यांचा दोष सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी, नेमक्या गरजेच्या क्षणी प्रकट होतो. आणि तो प्रकट होतो तेव्हा विकणारा समोर नसतो. असते ते फक्त बारीक अक्षरांत छापलेले एक हमीपत्र.

कसोटीचा प्रसंग

या प्रश्नाची सर्वांत कठोर कसोटी पाहायची असेल, तर परवानाधारक नागरिकाच्या पिस्तुलाचे किंवा रिव्हॉल्व्हरचे उदाहरण घ्यावे. ग्रामीण महाराष्ट्रात वस्तीवर एकाकी राहणारा शेतकरी, माजी सैनिक, सराफ, रोकड घेऊन जाणारा पेट्रोलपंपचालक, अशा मोजक्या लोकांकडे आत्मरक्षणासाठी परवान्याचे शस्त्र असते. ही संख्या मोठी नाही आणि ती वाढावी असेही नाही. पण ज्याला राज्याने पूर्ण चौकशी करून परवाना दिला, त्याच्या हातातील शस्त्र निर्दोष असावे, एवढी अपेक्षा तर अवाजवी म्हणता येणार नाही.

शस्त्रातील दोष म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. घोड्याची स्प्रिंग दुबळी असेल तर चाप ओढूनही काडतूस उडत नाही. रिव्हॉल्व्हरची चक्री नळीच्या रेषेत नीट येऊन थांबत नसेल, तर गोळी नळीत शिरताना खरवडली जाते आणि शिशाचे कण मागे उडतात. सुरक्षा खिट्टी सदोष असेल, तर शस्त्र हातातून पडताच गोळी सुटू शकते. काडतुसात दारू अपुरी असेल तर गोळी नळीतच अडकते आणि पुढची गोळी झाडली की नळी फुटू शकते. मिक्सर बिघडला तर चटणी पाट्यावर वाटता येते. शस्त्र बिघडले तर ज्या जिवासाठी ते घेतले तोच जीव धोक्यात येतो. कदाचित घरातील लेकराचाही.

आता या ग्राहकाची स्थिती पाहा. अन्य वस्तूंच्या बाबतीत एक निर्माता नकोसा झाला तर दुसऱ्याकडे जाता येते. शस्त्रांच्या बाबतीत हा मार्ग दीर्घकाळ बंद होता. १९५६च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सार्वजनिक क्षेत्रासाठी राखून ठेवली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी शस्त्रांची आयातही जवळजवळ थांबली. परिणामी, नव्या कोऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी सरकारी आयुधनिर्माणींखेरीज दुसरे दार उरले नाही. कानपूरला तयार होणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर हेच बहुसंख्य परवानाधारकांचे शस्त्र ठरले. जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर आले, तेही कानपूरचेच आणि किंमत लाखाच्या पुढची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. लहान शस्त्रांचे काम कानपूरच्या 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या कंपनीकडे आले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिने 'प्रबल' हे नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. मे २००१ मध्ये संरक्षण उत्पादनाची दारे खाजगी उद्योगाला उघडली गेल्यानंतर आता कुठे उत्तर प्रदेशात संडीला आणि हरियाणात हिसार येथे खाजगी उद्योग या क्षेत्रात उतरले आहेत.

स्वदेशी शस्त्राचा अभिमान प्रत्येकाला असलाच पाहिजे. परंतु स्वदेशीचा अर्थ स्वदेशी ग्राहकाने दोषही मुकाट्याने सोसावा, असा कधीच नव्हता. स्वदेशी उत्पादनाची पत त्याच्या गुणवत्तेवर आणि विक्रीनंतरच्या सेवेवरच उभी राहते.

कायद्याचे कुंपण

सदोष शस्त्र हाती आलेल्या माणसापुढे दुसरी अडचण कायद्याची आहे. काष्टीतील शेतकऱ्याची पाण्याची मोटार जळाली, तर तो ती दुचाकीवर मागे बांधून दौंडला वा श्रीगोंद्याला नेतो आणि वायंडिंग करून आणतो. शस्त्राचे तसे नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्राची विक्रीच काय, दुरुस्ती आणि चाचणी करण्यासाठीही स्वतंत्र परवाना लागतो. गावातील कुशल लोहार कितीही कसबी असला, तरी त्याच्या हाती शस्त्र देणे हा गुन्हा आहे. हे बंधन योग्यच आहे. बेकायदा शस्त्रांचे कारखाने याच मार्गाने उभे राहतात. पण या बंधनाचा अर्थ असा की, ग्राहकाला दुरुस्तीसाठी परवानाधारक विक्रेता किंवा प्रत्यक्ष निर्माता यांच्याखेरीज कोणीच वाली नाही.

त्यात निर्माता हजार किलोमीटरहून अधिक दूर. शस्त्र साध्या टपालाने पाठविण्याची वस्तू नाही. परवाना केवळ महाराष्ट्रापुरता असेल, तर ते घेऊन दुसऱ्या राज्यातून प्रवास करता येत नाही. समजा, निर्मात्याने उदारपणे शस्त्र बदलून देण्याचे मान्य केले, तरी नव्या शस्त्राचा क्रमांक वेगळा. मग परवान्यावरील जुनी नोंद रद्द करून नवी करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस ठाण्यात नोंद, असा प्रवास सुरू होतो. निर्मात्याचे पत्र आल्याशिवाय कार्यालय नोंद बदलत नाही आणि नोंद बदलल्याशिवाय निर्माता शस्त्र देत नाही, अशा फेऱ्यात ग्राहक अडकला तर त्याने कोणाकडे पाहायचे?

येथे एक तत्त्व स्पष्टपणे मांडले पाहिजे. राज्य जेव्हा ग्राहकाचे अन्य सर्व पर्याय कायद्याने बंद करते, तेव्हा उरलेला एक मार्ग सुकर ठेवण्याचे दायित्व राज्यावरच येते. शेजारच्या कारागिराकडे जाऊ नको, परदेशी घेऊ नको, स्वतः खोलू नको, असे सांगणाऱ्या व्यवस्थेने 'मग कोठे जाऊ?' या प्रश्नाचेही उत्तर दिले पाहिजे. आणि जेथे नियम करणारे व वस्तू बनविणारे, दोघेही सरकारच आहेत, तेथे तर हे दायित्व दुप्पट होते.

ग्राहक कायद्याचे बळ

सुदैवाने ग्राहक अगदीच निःशस्त्र नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेल्या बिंदुमाधवांना पुढे जाणवले ते हे की, स्वतंत्र देशातील ग्राहकही संघटित नसेल तर तो शोषणापासून मुक्त नसतो. महाराष्ट्राच्या मातीत रुजलेल्या या विचाराला २४ डिसेंबर १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बळ मिळाले आणि आज त्याची जागा २०१९च्या कायद्याने घेतली आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेला हा कायदा अनेक बाबतींत जुन्याहून अधिक धारदार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, कायद्याच्या व्याख्येनुसार 'वस्तू' या शब्दात सर्व प्रकारची जंगम मालमत्ता येते. शस्त्राला तेथे अपवाद नाही आणि सरकारी निर्मात्यालाही नाही. दुसरी गोष्ट, पूर्वी तक्रार सामान्यतः विरुद्ध पक्ष जेथे असेल किंवा व्यवहार जेथे घडला असेल तेथे करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो तेथेच ती करता येते. काष्टीच्या ग्राहकाने कानपूरला जाण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी अहिल्यानगरचा जिल्हा आयोग आहे. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली, सव्याज परतावा आणि नुकसानभरपाई यांचे आदेश आयोग देऊ शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सदोष वस्तूमुळे इजा झाली, तर उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण नव्या कायद्यात आहे. निर्मात्याने स्पष्ट हमी दिली असेल आणि वस्तू तिला उतरली नसेल, तर 'हमी देताना निष्काळजीपणा किंवा फसवणूक केली नव्हती' हे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही, असे कलम ८४ सांगते. हमीपत्र ही निर्मात्याची मेहेरबानी नसून त्याला बांधणारे वचन आहे, हाच याचा अर्थ.

न्यायालयांचा कलही ग्राहकाच्या व्यापक व्याख्येकडे राहिला आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सदोष बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. ते महामंडळही सरकारीच होते. लीलावती रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेच्या खटल्यात २०१९ मध्ये न्यायालयाने खरेदीचा प्रधान हेतू पाहावा असे म्हटले. थेट नफा कमविण्याशी संबंध नसेल तर व्यापारीसुद्धा ग्राहक ठरू शकतो. आत्मरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्या सराफाला किंवा पंपचालकाला या सूत्राचा आधार आहे.

उणीव कोठे आहे?

तरीही एक अडचण शिल्लक राहते, ती पुराव्याची. दोष आहे हे तक्रारदाराने सिद्ध करायचे असते आणि निर्मात्याचे ठरलेले उत्तर असते : 'वापरणाऱ्याची चूक.' मोटार जळाली की विजेचा दाब कमी होता. ठिबकच्या नळ्या तुंबल्या की पाणी क्षारयुक्त होते. शस्त्र अडले की काडतूस जुने होते किंवा निगा राखली नाही. हे उत्तर नेहमीच खोटे असते असे नाही. अनेक घरांत शस्त्र वर्षभर कपाटात पडून असते आणि खंडेनवमीच्या पूजेलाच बाहेर निघते. कातडी म्यानात दमट हवेत राहिलेले लोखंड गंजते. दहा-दहा वर्षांची काडतुसे तशीच ठेवलेली असतात. हल्ली पूजेत हळदीकुंकू वाहिले जाते, पण तेलपाणी विसरले जाते. शस्त्रपूजनाचा मूळ संस्कार निगेचा आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरील दारूगोळ्याला नियमित ऊन देण्याची ताकीद लिहून ठेवली, ती उगीच नव्हे.

म्हणूनच दोष निर्मात्याचा की वापरणाऱ्याचा, हे ठरविणारी तटस्थ परीक्षा हवी. ग्राहक कायदा वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठविण्याची तरतूद करतो. पण शस्त्र कोठे पाठवायचे? मुंबईत कलिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शस्त्रतज्ज्ञ आहेत, परंतु त्यांचे काम गुन्ह्यांच्या तपासाचे. कारखान्यातून निघताना प्रत्येक शस्त्राची अधिक दाबाच्या काडतुसाने चाचणी होते हे खरे. पण त्या चाचणीत नळीची ताकद कळते. वर्षभराने खिट्टी झिजेल काय, शस्त्र पडल्यावर गोळी सुटेल काय, याचे उत्तर तीत मिळत नाही. शिवाय चाचणी घेणारा आणि बनविणारा एकाच व्यवस्थेचा भाग असेल, तर ग्राहकाचा विश्वास कसा बसावा?

या बाबतीत प्रगत म्हणविणाऱ्या देशांकडे पाहून न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. अमेरिकेत घरोघरी शस्त्रे आहेत. पण तेथील ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून १९७२च्या कायद्यानेच बंदुका वगळल्या आहेत. खेळण्यातील पिस्तूल सदोष असेल तर तो आयोग ते बाजारातून परत घ्यायला लावू शकतो, खरे पिस्तूल मात्र नाही! आयोवा राज्यातील एका पोलीस अधिकाऱ्याचे पिस्तूल २०१३ मध्ये पाठलाग करताना पडले आणि गोळी सुटली, या तक्रारीवरून टॉरस या ब्राझिलियन कंपनीविरुद्ध फ्लोरिडाच्या न्यायालयात सामूहिक दावा उभा राहिला. २०१५ मध्ये तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. परंतु ९ प्रकारच्या, ९ लाखांहून अधिक पिस्तुलांच्या बाबतीत ती परत घेण्याची किंवा दुरुस्त करून देण्याची व्यवस्था तिला करावी लागली. नियामक दुबळा असल्याने हे काम नागरिकांना न्यायालयातून करून घ्यावे लागले.

भारतात स्थिती निराळी आहे. २०१९च्या कायद्याच्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वा असुरक्षित वस्तू परत मागविण्याचा आदेश देऊ शकते आणि या तरतुदीतून शस्त्रे वगळलेली नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, देशातील शस्त्रपरवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आहे. प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट क्रमांक आहे, प्रत्येक शस्त्राचा क्रमांक त्याच्या परवान्यावर आहे, पत्ता पोलीस ठाण्यात आहे. पंखा किंवा प्रेशर कुकर कोणी विकत घेतला हे निर्मात्याला कधीच पूर्णपणे कळत नाही. शस्त्र कोणाकडे आहे हे सरकारला तंतोतंत ठाऊक असते. एखाद्या तुकडीतील शस्त्रांत दोष आढळला, तर त्यातील प्रत्येक मालकापर्यंत पोलीस पाटलामार्फत निरोप पोहोचविणे सहज शक्य आहे. जी यंत्रणा निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेण्यासाठी मालकाला अचूक शोधते, तिनेच दोषाची सूचना देण्यासाठी त्याला का शोधू नये?

काय करता येईल?

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जिल्ह्यात एखादा परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस शस्त्रागार हे हमीसेवेचे अधिकृत स्वीकृतीकेंद्र ठरवावे, म्हणजे ग्राहकाला राज्याबाहेर जावे लागणार नाही. शस्त्र स्वीकारताना त्याची स्थिती आणि तक्रार यांची लेखी पोच द्यावी. दुरुस्तीनंतर काय सदोष होते आणि काय बदलले, हे लिहून द्यावे. शस्त्र बदलून दिल्यास परवान्यावरील नोंदीचा फेरफार ठराविक मुदतीत आपोआप व्हावा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांना ग्राहक आयोगाकडून येणारी शस्त्रे शुल्क आकारून तपासण्याची मुभा असावी. आणि दोषांच्या तक्रारींची क्रमांकनिहाय नोंद ठेवून ती प्राधिकरणाला कळविण्याचे बंधन सरकारी व खाजगी, दोन्ही निर्मात्यांवर सारखेच असावे.

ग्राहकाचीही काही कर्तव्ये आहेत. पावती, हमीपत्र आणि काडतुसांच्या खरेदीची नोंद एकत्र जपावी. दोष दिसताच शस्त्र रिकामे करून वापर थांबवावा, स्वतः खोलू नये, ओळखीच्या कारागिराला दाखवू नये. विक्रेता व निर्माता यांना लेखी कळवून पोच घ्यावी; शस्त्र घरात ठेवणे धोक्याचे वाटल्यास विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करावे. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि मग जिल्हा आयोगाकडे जावे. तोंडी तक्रार हवेत विरते, कागद टिकतो.

शेवटी हा प्रश्न मूठभर परवानाधारकांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. ज्या वस्तूची नोंद सरकारकडे आहे, जिचा निर्माता बव्हंशी सरकार आहे आणि जिच्या दोषाने माणूस मरू शकतो, तिच्या बाबतीतही हमीपत्र केवळ कागद ठरत असेल, तर मोटार, बियाणे आणि ट्रॅक्टर घेणाऱ्या सामान्य शेतकऱ्याने कोणत्या भरवशावर पैसे मोजायचे? उलट, याच कठीण जागी हमीची चोख व्यवस्था उभी राहिली, तर 'हे आमच्याने होत नाही' असे म्हणण्याची सोय अन्य कोणत्याही निर्मात्याला उरणार नाही. ती व्यवस्था मागून घेणे हे संघटित ग्राहकशक्तीचे काम आहे, आणि प्रत्येक तालुक्यातील जागरूक कार्यकर्त्याने त्याचा आरंभ एका लेखी अर्जाने करण्यास काहीच हरकत नाही.